सलाईन म्हणजे जेवण नाही: आजारी माणसाच्या आहाराबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय माहीत हवं?

"तीन दिवस झाले, पोटात अन्नाचा कण नाही. पण सलाईन चालू आहे ना, मग काळजी नाही."

हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही हॉस्पिटलच्या वॉर्डात ऐकू येतं. सलाईन म्हणजे ताकद, असा आपला पक्का समज आहे. आता जरा हिशोब करून पाहू.

साध्या सलाईनमध्ये, म्हणजे नॉर्मल सलाईनमध्ये, पाणी आणि मीठ असतं. त्यातून मिळणारी ऊर्जा शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असतं. त्यातून साधारण १७० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे जेमतेम दीड-दोन पोळ्यांएवढी ऊर्जा. प्रथिनं शून्य, स्निग्ध पदार्थ शून्य. दिवसभरात अशा दोन बाटल्या गेल्या तरी रुग्णाला मिळतात ३४० किलोकॅलरी. ५० किलो वजनाच्या आजारी माणसाची दिवसाची गरज मात्र साधारण १२५० ते १५०० किलोकॅलरींची असते.

म्हणजे सलाईन लावलेला रुग्णही उपाशी असू शकतो. सलाईन पाण्याची आणि क्षारांची कमतरता भरून काढतं आणि ते काम महत्त्वाचंच आहे. पण ते जेवणाची जागा घेत नाही.

रुग्ण उपाशी आहे हे सगळ्यात आधी कुणाला कळू शकतं? डॉक्टर राउंडला काही मिनिटं येतात. आहारतज्ज्ञ असलेच तर अनेक वॉर्ड मिळून एक असतात. दिवसभर रुग्णाजवळ असते ती नर्स. ताट भरलेलं आलं आणि तसंच परत गेलं, हे तिलाच दिसतं. म्हणूनच बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहारशास्त्र हा स्वतंत्र विषय ठेवला आहे. परीक्षेपुरतं पाठ करून विसरण्याचा हा विषय नाही. तुम्ही नर्सिंग शिकत असाल किंवा घरातल्या आजारी माणसाची काळजी घेत असाल, पुढच्या गोष्टी माहीत असायला हव्यात.

क्लिनिकल न्यूट्रिशन म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर आजारी माणसाच्या आहाराचं शास्त्र. निरोगी माणसाने काय खावं हा सर्वसाधारण पोषणाचा विषय झाला. आजारात शरीराची गरज बदलते, भूक बदलते, पचन बदलतं आणि कधी कधी गिळण्याची क्षमताही जाते. अशा वेळी काय द्यायचं, किती द्यायचं, कोणत्या मार्गाने द्यायचं आणि काय टाळायचं, हे या शास्त्रात येतं.

मार्ग साधारण तीन. पहिला तोंडावाटे. तो शक्य नसेल तर नळीवाटे जठरात किंवा आतड्यात. आतडंच काम करत नसेल तर शिरेवाटे. शिरेवाटे संपूर्ण पोषण देणं शक्य झालं त्याला फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिलांना केवळ शिरेवाटे पोषण देऊन वाढवून दाखवलं. त्यानंतर ही पद्धत माणसांसाठी वापरात आली. पण तिच्यात जंतुसंसर्गाचा आणि रक्तातली साखर वाढण्याचा धोका असतो, खर्चही मोठा असतो. त्यामुळे आजही नियम एकच: आतडं चालू असेल तर आतड्याचाच वापर करा.

आजारपणातला उपवास वेगळा का?

"चार दिवस नाही जेवलं तर काय होतंय, आम्ही नवरात्रात नऊ दिवस उपास करतो," असं नातेवाईक म्हणतात. निरोगी शरीर उपवासाशी जुळवून घेतं, हे खरंच आहे. यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मग शरीर काही काळ स्नायूंमधली प्रथिनं मोडून साखर तयार करतं आणि हळूहळू चरबीवर चालायला लागतं. त्यामुळे स्नायू वाचतात.

मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, गंभीर जंतुसंसर्ग किंवा अपघात झालेल्या शरीरात हे जुळवून घेणं नीट होत नाही. दाह आणि ताणाची संप्रेरकं स्नायू मोडणं चालूच ठेवतात. म्हणून आयसीयूमधला रुग्ण काही दिवसांतच हातापायांनी बारीक झालेला दिसतो. हे स्नायू फक्त चालण्याचे नसतात, श्वास घेण्याचे आणि खोकून कफ बाहेर काढण्याचेही असतात. परिणामी जखम उशिरा भरते, बेडसोर होतात, जंतुसंसर्ग वाढतो आणि व्हेंटिलेटर काढणं लांबतं.

उपासमारीचा परिणाम मनावरही होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्याने घटलं. शिवाय ते चिडचिडे, उदास आणि अलिप्त झाले. वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाबद्दल "हे काका फार किरकिर करतात, कशातच लक्ष नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी शेवटचं पोटभर कधी खाल्लं होतं, हे एकदा तपासायला हवं.

ही समस्या नवी आहे का?

अजिबात नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९ मध्ये आलं. त्यात रुग्णाचं खाणं आणि त्याला काय खायला द्यावं यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. अन्न उपलब्ध असूनही केवळ दुर्लक्षामुळे रुग्ण उपाशी राहतात, ही तक्रार त्यांनी तेव्हाच केली होती.

पुढे १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरांनी 'द स्केलेटन इन द हॉस्पिटल क्लोझेट' हा गाजलेला लेख लिहिला. रुग्ण हॉस्पिटलमध्येच कुपोषित का होतात, याची कारणं त्यांनी मांडली. उंची-वजनाची नोंद न करणं, रुग्णाने किती खाल्लं हे न पाहणं, तपासण्यांसाठी जेवण चुकवणं, दिवसेंदिवस ग्लुकोज-सलाईनवर ठेवणं आणि जबाबदारी नेमकी कुणाची हे स्पष्ट नसणं. लेखाला पन्नास वर्षं झाली, पण यादीतली एकही गोष्ट आपल्याला अनोळखी वाटत नाही.

धोक्यातला रुग्ण कसा ओळखायचा?

नुसतं डोळ्यांनी पाहून नाही. यासाठी काही सोप्या चाचण्या आहेत. त्यातली 'मस्ट' ही ब्रिटनमध्ये तयार झालेली पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. तिच्यात तीन गोष्टींना गुण देतात.

• बीएमआय: २० पेक्षा जास्त असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, १८.५ पेक्षा कमी असेल तर २.
• गेल्या ३ ते ६ महिन्यांत नकळत घटलेलं वजन: ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०, ५ ते १० टक्के असेल तर १, १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर २.
• तीव्र आजार असून ५ दिवसांहून अधिक काळ काहीच खाल्लेलं नसेल किंवा खाता येणार नसेल तर २.

बेरीज ० आली तर धोका कमी, १ आली तर मध्यम, २ किंवा जास्त आली तर मोठा.

एक उदाहरण घेऊ. १६८ सेंटिमीटर उंचीच्या एका रुग्णाचं वजन तीन महिन्यांपूर्वी ८२ किलो होतं, आता ७२ आहे. बीएमआय येतो साधारण २५.५, म्हणजे ० गुण. दिसायला माणूस धडधाकट, उलट थोडा जाडच. पण घटलेले १० किलो म्हणजे आधीच्या वजनाच्या १२ टक्के. त्याचे २ गुण, म्हणजे धोका मोठा. नजर इथेच फसते. जाड माणूसही कुपोषित असू शकतो.

वजनच करता येत नसेल तर? रुग्ण उभा राहू शकत नसेल तर दंडाचा घेर मोजता येतो. प्रौढ माणसाच्या दंडाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्याचा बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण मानतात. अंगणवाडीत हीच पट्टी वापरतात.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्या. पायाला किंवा पोटात सूज असेल तर वजन खोटं जास्त दिसतं. पाणी उतरल्यावर खरं वजन कळतं. दुसरं, रक्तातलं अल्ब्युमिन कमी आलं की "प्रोटीन कमी पडतंय" असा अर्थ लगेच लावला जातो. पण जंतुसंसर्ग आणि दाह झाला तरी अल्ब्युमिन घटतं. त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून पोषणाचा निष्कर्ष काढता येत नाही.

किती द्यायचं?

प्रौढ रुग्णांसाठी ढोबळ हिशोब असा: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. नेमका आकडा आजारानुसार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात.

आता ताटाकडे पाहू. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. मोठा कपभर दुधात ७-८, वाटीभर घट्ट वरणात ६-७ आणि एका पोळीत ३ च्या आसपास. रुग्णाने सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी पोळी, चार घास भात आणि पातळ वरण, रात्री अर्धा कप दूध घेतलं, तर दिवसाची बेरीज कशीबशी १५ ग्रॅमपर्यंत जाते. फाइलमध्ये मात्र "जेवण घेतलं" अशी नोंद असते.

आपल्याकडे आजाऱ्याला पेज, साबुदाण्याची खीर, वरणाचं पाणी देतात. पचायला हलकं म्हणून एखाद-दुसरा दिवस ते ठीकच आहे. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि डाळीची बरीचशी प्रथिनं राहतात ती तळाच्या गाळात, वरच्या पाण्यात नाही. त्यापेक्षा मुगाचं घट्ट कढण, दुधातली नाचणीची लापशी, मऊ खिचडीवर तूप, दह्यात कालवलेला भात, अंड्याची भुर्जी यातून तेवढ्याच घासांत जास्त पोषण मिळतं. भूक कमी असलेल्या माणसाला मोठं ताट पाहूनच नको वाटतं. त्याला दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्यावं.

आणखी एक समज म्हणजे टाके पडले की डाळ खायची नाही, जखम पिकते. हे खरं नाही. जखम भरायला प्रथिनंच लागतात. बेडसोर असलेल्या रुग्णाची गरज तर दर किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅमपर्यंत जाते.

'एनबीएम' किती वेळ?

'निल बाय माउथ', म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामं हवं, कारण भूल दिल्यावर जठरातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. नियम आवश्यकच आहे, पण तो कुठवर ताणायचा?

भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी सर्वसाधारण रुग्णासाठी दिलेला हिशोब असा: पाणी, बिनदुधाचा चहा यांसारखे पारदर्शक द्रव २ तास आधीपर्यंत, हलकं खाणं किंवा दूध ६ तास आधीपर्यंत आणि तळलेलं, तेलकट जेवण ८ तास किंवा त्याहून आधी. प्रत्यक्षात मात्र "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगितलं जातं. ऑपरेशन दुपारी दोनला असलं तरी आणि ते उद्यावर गेलं तरीही. दोनदा पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियेत रुग्ण दोन दिवस उपाशी राहतो, तेही अंगात ताकद सगळ्यात जास्त हवी असते तेव्हा.

निर्णय भूलतज्ज्ञाचाच असतो. मधुमेह, गर्भारपण, आतड्याचा अडथळा अशा स्थितीत नियम वेगळे असतात. पण "डॉक्टर, ऑपरेशन चारला आहे, पाणी देऊ का?" आणि "आज रद्द झालंय, आता जेवायला देऊ का?" हे दोन प्रश्न नर्सने विचारायचे असतात. शस्त्रक्रियेनंतरही तसंच. एनबीएमची सूचना कुणी उठवलीच नाही म्हणून रुग्ण संध्याकाळपर्यंत उपाशी, असं होऊ देऊ नये.

गिळता येतंय का?

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. औषधाची गोळी आणि घोटभर पाणीसुद्धा त्याआधी नाही. नातेवाईक प्रेमाने चमच्याने पाणी पाजतात, पण अशा रुग्णाला घट्ट पदार्थांपेक्षा पाणी आणि चहाच बऱ्याचदा जास्त धोकादायक असतात. पातळ द्रव पटकन श्वासनलिकेत उतरतो.

खाताना खोकला येणं, आवाज ओलसर किंवा घरघरता होणं, गालात घास साठून राहणं या खुणा दिसल्या तर भरवणं थांबवा आणि कळवा. काही रुग्णांना घास श्वासनलिकेत गेला तरी खोकला येतच नाही. तेव्हा खोकला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. अशा रुग्णांसाठी पदार्थांचा दाटपणा ठरवण्याची ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. ० म्हणजे पाण्यासारखं पातळ, ७ म्हणजे नेहमीचं जेवण.

नळीने भरवताना

नाकातून जठरात जाणाऱ्या नळीला आपल्याकडे रायल्स ट्यूब म्हणतात. गंभीर रुग्णाला तोंडाने घेता येत नसेल आणि रक्तदाब वगैरे स्थिर असेल, तर २४ ते ४८ तासांच्या आत नळीने पोषण सुरू करावं, अशी शिफारस आहे. पण नळी चुकून फुप्फुसात गेली आणि तिच्यातून दूध घातलं, तर रुग्ण दगावू शकतो.

• नळी नवीन घातल्यावर तिची जागा एक्स-रेने पाहणं सगळ्यात खात्रीचं. जठरातला द्रव ओढून त्याचा पीएच ५.५ किंवा कमी आला तरी ती जागेवर असल्याचं मानतात. सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकणं किंवा नळीचं टोक पाण्यात धरून बुडबुडे पाहणं या जुन्या पद्धती भरवशाच्या नाहीत.
• नाकापाशी नळीवरची खूण दर वेळी भरवण्याआधी पाहा. नळी बाहेर सरकली असेल तर भरवू नका.
• डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा. भरवून झाल्यावरही किमान अर्धा ते एक तास रुग्णाला आडवं करू नका. चादर बदलायची किंवा कूस पालटायची असेल तर ते आधी उरका.
• भरवण्याआधी आणि नंतर साधारण ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवा. पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.
• पावडर कालवून केलेलं फीड खोलीच्या तापमानाला ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.
• औषधं फीडमध्ये मिसळू नका. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा खास आवरण असलेल्या गोळ्या कुटू नका. फिट्सवरचं फेनिटॉइन नळीतून देताना फीडमुळे ते कमी शोषलं जातं. त्यामुळे मध्ये किती वेळ फीड थांबवायचं हे विचारून घ्या.

भुकेल्याला भरभर भरवणंही धोक्याचं

बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर दिलं तर तो दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसून आलं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

उपासमारीत शरीरातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम संपत आलेलं असतं, पण रक्ताच्या तपासणीत ते ठीक दिसू शकतं. अचानक पिष्टमय अन्न आलं की इन्शुलिन उसळतं आणि हे क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातली पातळी कोसळते. साखर वापरण्यासाठी लागणारं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही संपतं. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास कमजोर होतो, सूज येते, भान हरपतं. हे बहुधा पहिल्या काही दिवसांतच घडतं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या निकषांनुसार पुढीलपैकी एक गोष्ट असली तरी धोका मोठा: बीएमआय १६ पेक्षा कमी, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त वजनघट, १० दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाणं किंवा भरवण्याआधीच हे क्षार कमी असणं. अशा रुग्णाला आधी थायमिन देतात. मग दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० किलोकॅलरींपासून सुरुवात करून ४ ते ७ दिवसांत हळूहळू वाढवतात. दारूचं व्यसन असलेले रुग्ण, कॅन्सरचे रुग्ण, दीर्घ उपोषण केलेली माणसं यांच्याबाबत विशेष सावध राहावं लागतं.

तीव्र कुपोषित बालकांसाठीही हेच तत्त्व आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात त्यांना आधी एफ-७५ हे दूध देतात, त्यात १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी असतात. बाळ स्थिर झाल्यावर एफ-१०० कडे जातात, म्हणजे १०० किलोकॅलरी. बाळ इतकं बारीक असताना दूध मोजून का देतात, असं आईला वाटतं. तिला कारण समजावून सांगणं हे नर्सचं काम.

आजारानुसार काय बदलतं?

किडनी: भेटायला येणारे शहाळं हमखास आणतात. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असू शकतं. किडनी निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मिठाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठातही पोटॅशियम असतं. प्रथिनांचा नियमही स्थितीनुसार बदलतो. डायलिसिस सुरू नसताना ती मर्यादित ठेवतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवतात. जुना तक्ता तसाच चालू ठेवला तर रुग्ण खंगतो.

यकृत: सिरोसिसमध्ये प्रथिनं बंद करायची, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. या रुग्णांना दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यांचं यकृत साखर साठवू शकत नाही, म्हणून रात्री झोपण्याआधी थोडं खाणं द्यायला सांगतात.

मधुमेह: इन्शुलिन वेळेवर दिलं आणि ताट उशिरा आलं, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. ताट समोर येणार आहे का हे पाहूनच इन्शुलिन द्यावं. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन: पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं. भाजी पूर्ण बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

क्षयरोग: कुपोषण आणि टीबी एकमेकांना वाढवतात. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासात टीबी रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना धान्य-डाळींचा शिधा दिला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जादा शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही कमी होतं. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. रुग्णाच्या खात्यात ते जमा होतात का, हेही विचारायला हवं.

मग ड्युटीवर रोज काय करायचं?

१. दाखल होतानाच वजन, उंची आणि "कपडे सैल झालेत का? अंगठी सैल झाली का?" हे विचारा. वजन दर आठवड्याला पुन्हा करा.

२. "आजी, जेवलात का?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. त्याऐवजी "काय काय खाल्लंत? पोळी किती, वरण किती?" असं विचारा. नोंद पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशी करा. ताट नातेवाईकांनी संपवलं नाही ना, हेही पाहा.

३. जेवणाआधी तयारी करून द्या. हात-तोंड धुवा, कवळी लावा, पाठीमागे उशी द्या, बेडपॅन हलवा, वेदनाशामक किंवा उलटीचं औषध लिहिलेलं असेल तर वेळेत द्या. टेबल हाताच्या अंतरावर आहे ना ते पाहा. सलाईन उजव्या हाताला असेल तर जेवणार कसं?

४. भरवावं लागणारे रुग्ण ड्युटी बदलताना नावानिशी सांगा. ब्रिटनमधल्या काही हॉस्पिटलांत अशा रुग्णांचं जेवण लाल ट्रेमध्ये येतं, म्हणजे कुणाला मदत हवी हे सगळ्यांना कळतं. आपल्याकडे पलंगाला लाल चिठ्ठी लावूनही हेच साधता येईल.

५. रुग्ण शाकाहारी आहे का, उपास आहे का, रोजे आहेत का, हे आधीच विचारा. न आवडणारं ताट परत जाणारच.

६. सलग दोन-तीन दिवस निम्म्यापेक्षा कमी खाणं होत असेल तर ते नुसतं लिहून ठेवू नका. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना तोंडी सांगा.

यातल्या बहुतेक गोष्टींना यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. वजनकाटा, मोजपट्टी, पेन आणि ताटाकडे पाहण्याची सवय एवढंच लागतं. वॉर्डात पहिल्यांदा पोस्टिंग मिळालेल्या विद्यार्थ्याला मोठे निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. पण "बेड क्रमांक सातच्या मावशींनी तीन दिवसांत अर्धी पोळीही खाल्लेली नाही" हे राउंडला सांगायला अधिकार लागत नाही. आणि ते कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांच्यावरचे पुढचे उपचार नीट ठरत नाहीत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचा आहार त्याच्या डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावा.)